मिठाच्या कंटेनरवर मुंग्या

हिरामणने आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या. सिनेमे पाहिले आणि सिनेमांना नावं ठेवली. बाप मिठागरात राबला, हिरामण बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डाच्या गेटवर चिकटला. पण शुक्रवारचा पहिला खेळ चाळीस वर्षांत त्याने सहसा चुकवला नाही. शनिवारी सकाळी विनेशच्या चहाच्या टपरीबाहेरच्या फळ्यावर तो खडूने परीक्षण लिही. तारेबिरे त्याला मंजूर नव्हते. मिठागरवाल्याचा पोरगा तो, निकालही मिठातच देई: अळणी, खारट, नाहीतर मीठ बरोबर. सिनेमाला पनवेलला जायचं की घरी लोळायचं, हे गाव त्या फळ्यावर ठरवी. सख्खा मेव्हणा ज्यात गर्दीत उभा होता, तो सिनेमाही त्याने अळणी ठरवला होता. मेव्हणा अजून त्याच्याकडे जेवायला येत नाही.

त्यातून सत्यघटनेवरचा थरारपट असला की विचारूच नका. ‘खऱ्यात असं नसतं’ हे वाक्य फळ्यावर इतक्यांदा आलं होतं की पुसलं तरी पुसट दिसायचं.

आणि आता खुद्द त्याच्या गेटवरची घटना पडद्यावर आली. तीन वर्षांपूर्वी, साखर परदेशी धाडायला बंदी असताना, कागदावर मीठ लिहिलेल्या कंटेनरमध्ये साखर सापडली होती. दाराच्या फटीतून निघालेली मुंग्यांची रांग बघून हिरामणने तो अडवला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. कारण प्रत्येक हळदीत आणि प्रत्येक बारशात हिरामणच ते सांगत आला होता. “मिठाला मुंग्या? अरं, मी मिठात वाढलोय!” असं म्हणून तो छातीवर थाप मारी, आणि त्याची बायको कमळ मान खाली घालून हसे.

शुक्रवारी दोघं पनवेलला गेले. मध्यंतरापर्यंत हिरामण भलताच खुशीत होता. पोतंभर साखरेपायी हेलिकॉप्टर! अधिकारी मिठागरातून बूट घालून धावतोय! “गुडघ्यापर्यंत रुतला असता,” तो मोठ्याने म्हणाला. पुढच्या रांगेतल्या माणसाने मागे वळून पाहिलं.

मध्यंतरानंतर पडद्यावर गेट आलं. गेटवरचा माणूस मन लावून जेवत होता. डबा घेऊन आलेली त्याची बायको समोरच्या ट्रेलरवरच्या कंटेनरकडे बघत उभी होती. “अवो, कागदावर मीठ हाय ना? मग मिठाला मुंग्या कशा? मी मिठात वाढलेय!” माणूस तोंडातला घास न गिळताच म्हणाला, “तू आधी भाकरी वाढ.” मग बाईच तडक साहेबाकडे गेली.

अख्खं थिएटर हसलं. हिरामणच्या हातातले शेंगदाणे हातातच राहिले. पंचनाम्यावर कमळची सही होती, हे तो पार विसरून गेला होता. तीन वर्षं सांगून सांगून त्याला स्वतःलाच पटलं होतं की मुंग्या त्यानेच पाहिल्या.

परतीच्या एसटीत तो सवयीने म्हणाला, “खऱ्यात असं...” आणि उरलेले शेंगदाणे तोंडात कोंबले.

“मला तर बाई तो गेटवरचा नट आवडला,” कमळ खिडकीबाहेर बघत म्हणाली. “जेवतो छान.”

शनिवारी विनेशने टपरी उघडली तेव्हा हिरामण खडू घेऊन फळ्यापुढे उभा होता. “काका, लवकर लिवा. ‘बरोबर’ म्हनलात तर टेम्पो सांगतो. पन्नास मानसं तयार हायेत तुमाला पडद्यावर बघायला.”

एक ‘अळणी’ लिहिलं की टेम्पो रद्द, अब्रू शाबूत. पण पिक्चर अळणी नव्हता. फळ्यावर आजवर तो एकदाही खोटं बोलला नव्हता; गप्पांतलं सोडा, तिथे सगळेच बोलतात. त्याने ‘अ’ काढला. तेवढ्यात कमळ त्याचा ड्यूटीचा डबा घेऊन आली आणि तिने ‘अ’ पाहिला.

“लिवा की. माझं काय जातंय?”

“तीन वर्सं तू बोलली का न्हाईस गो?” त्याने हळूच विचारलं.

“तुमी सांगता तेव्हा लोक कान देऊन ऐकतात. माझी गोष्ट इतकी मानसं ऐकतात म्हनून बरं वाटायचं.” तिने डबा या हातातून त्या हातात घेतला. “कदी तरी नाव घ्याल, असं पन वाटायचं.”

हिरामणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने ‘अ’ पुसला आणि कुणाकडे न बघता लिहीत सुटला:

“मीठ बरोबर. हेलिकॉप्टर खोटं. बूट खोटे. डब्यात मेथी दाखवलीय तीही खोटी, सुका जवळा होता. मुंग्या कमळने पाहिल्या, हे खरं. मी जेवत होतो.”

विनेशने ते मोठ्याने वाचलं, पुन्हा एकदा वाचलं आणि चहा गाळायचं सोडून बाहेर आला. बाकावरची चार माणसंही उठून फळ्यापाशी आली. “काकी, मंग खरं काय झालं व्हतं?”

कमळने डबा हिरामणच्या हातात दिला आणि त्याच्या रोजच्या जागेवर ऐसपैस बसली.

“मिठाला मुंग्या?” तिने छातीवर थाप मारली. “अरं, मी मिठात वाढलेय!”

हिरामण मान खाली घालून हसला.