न्यूरेंबर्गचं चकचकीत नाणं

अठराव्या शतकात जर्मनीतली काही शहरं स्वतःचा कारभार स्वतः बघत आणि चांदीची नाणीही स्वतःच पाडत. कतारमधल्या दोह्यातल्या हॉस्पिटलात बिलं तपासणाऱ्या वसईच्या रेमंडला या नाण्यांचं भारी वेड. सुट्टीच्या दिवशी तो भिंग घेऊन बसला की बायको जेन म्हणे, "माझ्याकडे कधी एवढं निरखून बघितलंस का?"

संग्रहात हॅम्बर्ग शहराच्या एका नाण्याची उणीव होती. दोह्याजवळच्या अल खोर गावातल्या डीटर या जर्मन इंजिनियरकडे ते होतं. बदल्यात रेमंडचं, शहराचं आणि तिथल्या चर्चचं चित्र असलेलं न्यूरेंबर्गचं नाणं घ्यायला तो तयार झाला आणि शुक्रवारी जेवायला येतो म्हणाला.

आता, वसईहून आलेल्या रेमंडच्या सासूबाईंच्या हिशेबात पाहुणा येणार म्हणजे घरातलं सगळं लखलखायला हवं. चिंच-मीठ घेऊन त्यांनी क्रूस घासला, मेणबत्त्यांची घरं घासली आणि टेबलावर काढून ठेवलेलं ते काळपट नाणंही घासलं. अडीचशे वर्षांत चढलेली निळसर झाक मोरीत वाहून गेली. ती झाक गेली की नाण्याची किंमत गेली, हे संग्राहकांचं पहिलं शास्त्र.

रेमंडने ते पाहिलं तेव्हा डीटर दारात उभा होता.

डीटरने नाणं उजेडात धरलं. त्याचा चेहरा पडला. "हे कोणी क्लीन केलं?" त्याने इंग्रजीत विचारलं.

स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई कौतुकाची वाट बघत उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं. रेमंड म्हणाला, "मीच. चूक झाली."

डीटरने हॅम्बर्ग परत खिशात ठेवलं. जेवला मात्र दोनदा मागून, आणि हसतमुखाने गेला.

"नाणं आवडलं काय रे त्याला?" सासूबाईंनी विचारलं.

"खूप, मम्मी."

"मग नेलं का नाही?"

"म्हणाला, एवढं सुंदर नाणं तुमच्याच घरी शोभतं."

"शहाणा माणूस!" म्हातारीचा चेहरा असा फुलला की रेमंडला हॅम्बर्गची हळहळही वाटेना. "बघ, आता देवळांचे मनोरेसुद्धा दिसतात. काळं होतं तेव्हा दिसत होते का? बाकीची पण काढ. जेन चहा करते तोवर होतील."

जेनने तोंडाला पदर लावला. रेमंड उठला, कपाट उघडलं, आणि बराच वेळ शोधून सगळ्यात स्वस्तातलं एक नाणं सासूबाईंच्या हातावर ठेवलं.