अफवेचं समीकरण

नेरच्या कॉलेजात उपयोजित गणिताची कार्यशाळा होती. साथ कशी पसरते याचं समीकरण शिकवायला भैरवी मॅडम नागपूरहून आल्या होत्या. नुसतं फळ्यावर लिहिलं की प्राध्यापक मंडळी पेंगतात, म्हणून चहाआधी त्यांनी पुढे बसलेल्या वामनराव सरांना हळूच सांगितलं, "दुपारचं सत्र रद्द झालं, अशी अफवा दोघांच्या कानावर घाला. किती जणांपर्यंत पोचते ते चहानंतर मोजू."

चहानंतर हॉल रिकामा होता. शिपाई बॅनर उतरवत होता.

"अहो, सत्र आहे. ती नुसती अफवा होती," मॅडम म्हणाल्या.

"कायची अफवा, मॅडम?" तो समजावत म्हणाला. "वामनराव सर सगळ्यायच्या आधी गेले. रद्द नसतं तं ते कायले गेले असते?"