जमिनीपासून एक हात

...गाठ ओळखीची होती. दोन फेर, मग टोक आतून वळवून खाली खोचलेलं. तेंदूच्या पानांचा पुडा बांधतात तशी, ओढली तर आणखी घट्ट बसणारी आणि खोचलेलं टोक अंगठ्याने मागे ढकललं तरच सुटणारी. गुलाब उकिडवा बसून त्या गाठीकडे बघत राहिला. मिठाची रिकामी प्लास्टिकची पन्नी, तिच्यावर लुगड्याच्या काठाची फाडलेली हिरवी पट्टी, पट्टीवर ही गाठ – आणि पन्नीच्या आत, भिंतीवर जमिनीपासून एक हात उंचीला बसवलेलं यंत्राचं नाक. मुठीएवढं, तोंड खाली केलेलं, बारीक छिद्रांची पितळी टोपी घातलेलं. हॉलमध्ये पेट घेणारी वाफ साचली तर सगळ्यांच्या आधी ज्याला कळायचं, तेच कुणीतरी मिठाच्या पन्नीत बांधून ठेवलं होतं. कुणीतरी म्हणजे कोण ते त्याला गाठ दिसताक्षणीच कळलं होतं, तरी तो मनात ‘कुणीतरी’च म्हणत राहिला.

त्याने अंगठा टेकवला. टोक मागे सरकलं, गाठ सुटली. लहानपणी माय अंगणात बसून पुडे बांधायची तेव्हा ती गाठ सोडायची युक्ती फक्त त्यालाच येते याचा त्याला केवढा गर्व होता...

तीन दिवस. तीन दिवस वरच्या केबिनमधला काटा शून्यावर पडून होता आणि आपण तीन दिवस वहीत ‘ठीक’ लिहिलं. खाली उतरून एकदाही पाहिलं नाही. का पाहिलं नाही? कारण शांत होतं. भोंगा वाजला नव्हता, कुणी टोमणा मारला नव्हता, फोरमन नानाजीभाऊंनी हाक मारली नव्हती, आणि त्या शांततेत चहा गोड लागत होता – खरं तेच आहे. या यंत्रात एक वाईट खोड आहे. हवा स्वच्छ असली तरी काटा शून्यावर, आणि नाक मेलेलं असलं तरी काटा शून्यावर. फरक कळायचा तर माणसाने खाली येऊन, गुडघे दुमडून, त्याला वायू हुंगवून बघावा लागतो. त्याचाच तर पगार घेतो मी.

सिंदेवाहीच्या पुढे, धानाच्या बांध्यांच्या मधोमध हा कारखाना उभा राहिला तेव्हा आसपासच्या लोकांना वाटलं होतं, कोंड्यातून कसलं तेल निघतंय. पण निघालं. भातगिरण्यांचा कोंडा ट्रकांनी यायचा, त्याला सॉल्व्हंटने अंघोळ घातली की तेल सुटायचं, मग वाफेने तो सॉल्व्हंट उडवून परत गोळा करायचा आणि कोरडा कोंडा पट्ट्यावरून पोत्यांकडे जायचा. सॉल्व्हंट म्हणजे पेट्रोलचा सख्खा भाऊ. पंच्याऐंशी साली कंपनीचे इंजिनिअर हे यंत्र बसवायला आले, तेव्हा चंद्रपूरच्या आयटीआयमधून निघालेला गुलाब त्यांच्या हाताखाली होता. मोजायची टेप कुठेतरी राहिली होती. इंजिनिअरांनी गुलाबचाच हात धरला, कोपर जमिनीला टेकवलं आणि मधल्या बोटाच्या टोकाशी भिंतीवर खडूने खूण केली. “एक हाथ ऊपर, बस. ये गैस खड़ी नहीं रहती, लेट जाती है.” आत दोन मणी आहेत, असंही त्यांनी दाखवलं, दोन्ही तापलेले, एकावर औषध, एकावर नाही. औषधवाल्या मण्यावर वायू जळतो, तो जास्त तापतो, दोघांत फरक पडतो, तेवढाच काटा हलतो. वीसच्या रेघेवर गेला की भोंगा. भोंगा वाजला की सगळ्यांनी बाहेर – हे त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून टांगलं आणि गेले. पुठ्ठा अजून टांगलेला आहे. भोंगा वाजला की बाहेर कुणी जात नाही. कुणीतरी जिना चढून लाल बटण दाबतं आणि भोंगा गप्प होतो.

आणि भोंगा वाजायचा तो नेमका दुपारी तीनच्या सुमाराला, ठमाबाई झाडायचा फडा घेऊन पट्ट्याखाली बसली की.

ठमाबाई. कारखान्यात पाऊल टाकल्यापासून तो तिला ठमाबाईच म्हणत आला होता, सगळ्यांसारखा. पहिल्या दिवशी फोरमनसमोर तोंडातून तसं निघालं, तिने चमकून पाहिलं, मग पदर सारखा केला आणि फडा उचलला. पुढे दोघांनीही तो विषय काढला नाही. घरी माय, इथे ठमाबाई. लाज वाटत होती का? हो, वाटत होती. पँटच्या खिशात स्क्रूड्रायव्हर असलेल्या माणसाला, उकिडवी बसून कोंडा झाडणाऱ्या बाईची लाज वाटत होती.

मग ते वाक्य सुरू झालं. आधी थट्टेत. “ठमाबाईचा हात लागला का भोंगा बोंबलते.” पोती शिवणारे म्हणायचे, बॉयलरवाला म्हणायचा, हसून, वाईट मनाने नव्हे म्हणे. हात लागला की. गुलाबचा आजा छप्पन साली चांद्याला पायी जाऊन दीक्षा घेऊन आला, घरातले देव इरई नदीच्या पाण्यात सोडले, ते हेच वाक्य पुन्हा ऐकायचं नाही म्हणून ना? तेव्हा विहिरीला हात लागायचा, आता यंत्राला लागतो. लोकांना आपण काय बोललो ते कळतही नव्हतं आणि गुलाब... गुलाब हसायचा. थोडंसं, ओठांच्या कोपऱ्यात. त्या हसण्याचा त्याला आता, पन्नी हातात घेऊन बसल्यावर, असा संताप आला की कानशिलं तापली.

कोंड्याच्या गोदामामागे बाया जेवायला बसल्या होत्या. ठमाबाई एका बाजूला, डब्याचं झाकण तसंच ठेवून भिंतीला टेकली होती. त्याने पट्टी तिच्यासमोर धरली.

“तूच बांधलीस ना?”

“मीनंच बांधली,” ती म्हणाली. “काऊन, बिघडलं का?”

“काऊन बांधलीस?”

“बोंबलते ते मी आली का. नानाजीभाऊ म्हणते, बाई, तुले काढून टाकतो मी. मंग बांधली. तीन दिवस झाले, कोणी नाई बोललं.” मग जरा थांबून, “तुले बी बरं वाटलं असन.”

त्याने पट्टी मुठीत गुंडाळली. तिच्या डोळ्यांखाली सूज होती.

“जेवली काऊन नाईस?”

“डोकं दुखते. झाडू माराले खाली बसली का गोड-गोड वास येते, मंग मळमळते. उभी राह्यली का जाते. काल उलटी झाली.” हे सगळं तिने असं सांगितलं जसं बाजारात भेंडी महाग झाल्याचं सांगावं.

खाली बसली की येते, उभी राहिली की जाते. तीन दिवस तिच्या नाकाने तेच सांगितलं जे यंत्राच्या नाकाला सांगायचं होतं, आणि ते त्याने वहीत लिहिलं नाही. दुपारी बॉयलरची वाफ कमी पडते, सॉल्व्हंट पुरता उडत नाही, ओल्या कोंड्यासोबत पट्ट्याखाली उतरतो आणि जमिनीवर आडवा पडून राहतो – हे त्याला माहीत होतं. उन्हाळ्यात एकदा नानाजीभाऊंना सांगूनही झालं होतं. एकदाच. एकदा सांगून आपलं काम झालं असं समजून तो गप्प बसला होता. तीनला वाफ पडते आणि तीनलाच ती झाडायला बसते, इतकी साधी गोष्ट; तिच्या हाताशी भोंग्याचा काय संबंध?

“आज तीन वाजता दारातच उभी राय,” तो म्हणाला. “मी म्हणतो तवा आत ये. फडा टेकवू नको.”

“भाऊ रागावन.”

“रागावू दे.”

नाकाच्या टोपीतला कोंडा त्याने मऊ ब्रशने झाडला. वर जाऊन भोंगा तपासणीपुरता बंद केला, शून्य लावलं, खाली येऊन तपासणीच्या छोट्या सिलिंडरची नळी टोपीला लावली, पुन्हा वर गेला – जिना सतरा पायऱ्यांचा – काटा हळूहळू उठला, पन्नासला यायला हवा तो छत्तीसवर अडला. स्क्रू केसभर फिरवला. अडतीस. चव्वेचाळीस... पन्नास. खाली येऊन नळी काढली, वर जाऊन भोंगा पुन्हा चालू केला आणि परत नाकापाशी आला. मणी जिवंत होता. एवढ्याशा मण्याचं त्याला इतकं बरं वाटलं की त्याने टोपीवरून बोट फिरवलं.

अडीच वाजता नानाजीभाऊ आले. उद्या शेठ येणार होते, शेठसमोर भोंगा वाजायला नको होता, म्हणून सकाळीच हुकूम झाला होता – चारच्या आत ते नाक काढून वर, छताच्या पत्र्याशी बसव. नानाजीभाऊ वाईट माणूस नव्हते. अठरा वर्षं कोळशाच्या खाणीत सरदारकी, म्हणजे मजुरांच्या टोळीची मुकादमी, केलेली, हातात दिवा घेऊन पोरांच्या पुढे चालायचे. दिवा वर छताशी धरायचा, ज्योतीवर गॅसची निळी टोपी दिसली की माणसं मागे घ्यायची. त्या निळ्या टोपीने त्यांनी किती जणांना वाचवलं ते ते दर पोळ्याला सांगत.

“शिडी कुठी हाये?”

“नाई आणली.”

“काऊन?”

“भाऊ, हे वर नाई जात. इथीच रायते.”

नानाजीभाऊंनी चष्मा कपाळावर सरकवला. “पोरा, गॅस वर रायते. मले शिकवतं का तू? अठरा वर्सं मी छताले दिवा दाखवला.”

“खाणीतला वर रायते. तो हवेपेक्षा हलका. हा जड हाये, हा जमिनीवर झोपते. वर बसवलं त भोंगा कधीच नाई वाजणार, अन् खाली बसणारी बाई मरन.”

“वाजत नाई म्हंजे गॅस नाई.”

“वाजत नाई म्हंजे ऐकू येत नाई.” आपला आवाज चढला हे गुलाबला कळलं आणि त्याने तो खाली आणला नाही. “खाली बसा, भाऊ. इथी, माझ्या बाजूले. एक श्वास घ्या. मंग सांगा वर बसवाले, मी शिडी आणतो.”

नानाजीभाऊ खाली बघत राहिले. त्यांचा उजवा पाय खाणीत छत कोसळलं तेव्हापासून दुमडत नव्हता, हे साऱ्या कारखान्याला माहीत होतं, गुलाबलाही माहीत होतं, तरी त्याने म्हटलं होतं. म्हाताऱ्याला असं बोलावं का... बोलावं. या हॉलमध्ये खाली कोण बसतं? ज्याला बसावं लागतं तो. बाकी सगळे उभे राहून सांगतात की वास येत नाही, आणि त्यांना खरंच येत नाही, ते खोटं बोलत नाहीत, हीच तर पंचाईत आहे.

“माया गुडघा दुमडत नाई,” नानाजीभाऊ अखेर म्हणाले. “अन् तुई नौकरी गेली त मले बोलू नको.”

“नाई बोलणार.”

पान्हा त्याच्या हातात होता. चार बोल्ट, दहा मिनिटांचं काम. नाक वर चढवलं की उद्या शेठ खूश, नानाजीभाऊ खूश, मायची नोकरी शाबूत, माझीही. सगळं शाबूत, आणि माय तिथे खाली. त्याने पान्हा खिशात घातला आणि भिंतीला पाठ लावून जमिनीवर मांडी घातली. नाक त्याच्या खांद्याशी आलं. नानाजीभाऊ गेले नाहीत. काठीवर भार देऊन उभे राहिले, म्हणजे तेही बघणार होते.

तीन वाजायच्या आत बॉयलरचा सूर उतरला. पट्ट्यावरून येणारा कोंडा काळपट, ओलसर दिसू लागला, कडेने थोडा थोडा गळू लागला. तो गोड, डोक्यात शिरणारा वास गुलाबच्या नाकाशी आला, त्याने मान वर केली तर नव्हता, खाली केली तर होता. दारात ठमाबाई आली. उन्हाकडे पाठ, बगलेत फडा, दोन्ही हात पदरात. दारातच थांबली.

आणि भोंगा वाजला.

पोती शिवणारे सवयीने हसले, सवयीने दाराकडे वळून पाहिलं, आणि त्यांचं हसणं अर्ध्यात राहिलं, कारण ती आतच आली नव्हती. कुणीतरी जिन्याकडे निघालं. “बटनाले हात नाई लावाचा,” गुलाब ओरडला. “पुठ्ठ्यावर लिवलं हाये. सारे बाहेर चला.” मग उठून उभा राहत, सगळ्यांसमोर, भोंग्याच्या वर आवाज काढून म्हणाला, “माय, मागं हो. बाहेर चल.”

तिने पाहिलं. पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच.

बाहेर मोहाच्या झाडाखाली एकेक माणूस येऊन उभा राहिला. काही हसत, काही कपाळाला आठ्या घालून. नानाजीभाऊ सगळ्यांत शेवटी निघाले, पण दारातच थांबले, आत तोंड करून. ते आता जिना चढतील का, बटण दाबतील का, उद्या शेठला काय सांगतील, गुलाबला माहीत नव्हतं. आजवर हा भोंगा वाजला की तो कधी थांबतो याकडे जीव लागायचा. आता तो थांबूच नये असं वाटत होतं, पार बांध्यांपर्यंत, गावापर्यंत ऐकू जावा.

ठमाबाईने पदरातून हात बाहेर काढले, उलटे-सुलटे करून पाहिले.

“मीनं त हातबी नाई लावला,” ती हळू म्हणाली, गुलाबला. मग पोती शिवणाऱ्यांकडे वळली आणि तेच पुन्हा म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.