दारावरच्या माश्या

मधपेटीचं झाकण वहिनीने बोटांनी उचललं नाही. लोखंडी पट्टी फटीत घातली आणि मनगटाने दाबली. सकाळी तिची बोटं मिटतच नसत. उन्हं वर आल्याशिवाय पेरांतली कळ हटत नसे. झाकण निघालं. आत सगळं जिथल्या तिथे होतं. राणी होती, अंडी होती, चौकटी मधाने जड होत्या. मेलेल्या माश्या होत्या त्या बाहेर, दारापुढच्या फळीवर आणि फळीखालच्या गवतात.

तिने त्यातली एक तळहातावर घेतली. पायांना पिवळे पराग तसेच चिकटलेले होते.

"परकी का गं?" नणंदेने विचारलं. ती पेट्यांजवळ कधी येत नसे. कुंपणाशी उभी राहून शहाणपण शिकवायची.

"नाही वन्सं. आपलीच."

"मग मारलं कोणी?"

"आपल्यांनीच."

"म्हणजे पेटीचंही सासर झालं म्हण की," नणंद म्हणाली. एरवी स्वतःच्या विनोदावर ती आधी हसायची. आज हसली नाही.

एक माशी पराग घेऊन फळीवर उतरली. दारावरच्या पहारेकरणी पुढे झाल्या, मिशांनी तिला हुंगलं, आणि दोघींनी दोन पंख धरले. ती माशी सुटायची धडपडही करेना. भांडणाचा आवाज असतो, तो वहिनीला ओळखता यायचा. इथे आवाजच नव्हता. कोणी रोजचं झाडलोटीचं काम करावं, तसं चाललं होतं.

चूक तिचीच होती. फुलं संपली तेव्हा तिने दोन्ही पेट्यांना साखरेचं पाणी पाजलं आणि माश्यांनी नीट प्यावं म्हणून त्यात पुदिन्याचा अर्क घातला, एकाच बादलीत. त्या वासावर दुसऱ्या पेटीतल्या माश्या या पेटीत मध लुटायला शिरल्या. वास एकच, त्यामुळे पहारेकरणींना आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी त्या वासावरच दात धरला. वहिनीने ती दुसरी पेटी ओढ्यापलीकडे नेऊन ठेवली. लुटारू गेले. पण तोच वास इथल्या मधात होता, आणि मध खाणाऱ्या प्रत्येक माशीच्या अंगाला होता.

मागे वहिनी डॉक्टरीणबाईंकडे गेली होती, तेव्हा बोटं दाखवायच्या आधी तिला तोंड उघडावं लागलं होतं.

"हिरड्या केव्हापासून सुजत होत्या?"

"दुखतात बोटं, बाई, आणि तुम्ही बघताय दात."

"दाढ?"

"ती काढली. फार सडली होती. वर्षभर अंगावर काढलं मी."

डॉक्टरीणबाईंनी तिचे दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवले. उजव्या हाताची जी पेरं सुजली होती, नेमकी तीच डाव्याची. आरशात बघावं तशी.

"पुरतं कोणालाच माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण काही जणांचं असं होत असावं. हिरड्यांतले जंतू शरीरातल्याच गोष्टींना आपली खूण लावून ठेवतात. मग शरीराचे राखणदार त्या गोष्टींना परकं समजतात. जंतू गेले तरी राखणदारांची सवय जात नाही. सांध्यांत शिरतात."

"आणि औषध?"

"राखणदारांना जरा शांत करायचं. गुण यायला बरेच आठवडे लागतील. तोवर आणि नंतरही बाहेरचा आजार लवकर शिरेल. खोकल्या-तापाच्या माणसापासून जपायचं. नाही घेतलंत, तर बोटं वाकडी होतील आणि तशीच राहतील."

गोळ्यांची पाकिटं तिने घरी डब्यात टाकली आणि डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. राखणदार झोपवलेल्या घरात राहायचं कसं, हे तिला कळेना. आणि बोटं वाकडी होऊन पेट्या विकाव्या लागल्या तर जगायचं कशावर, हेही कळेना.

आता तिने धुराच्या डब्यात गोवऱ्या पेटवल्या, पेटीच्या दारात धूर सोडला. पहारेकरणी मागे सरल्या. ओझी घेऊन आलेल्या माश्या थबकल्या आणि आत गेल्या. कोणी त्यांना हुंगलं नाही. दार सताड उघडं पडलं. वहिनी पाल्याची फांदी घेऊन फळीशी बसली. गांधीलमाशी आली की हाकलायची. दुपारपर्यंत बसली.

"वन्सं, तो गोळ्यांचा डबा आणा," मग ती म्हणाली. "आणि गोळीही तुम्हीच काढा. मला ते पाकीट दाबता यायचं नाही."

नणंद प्रथमच कुंपणाच्या आत आली. गोळी तळहातावर ठेवून म्हणाली, "आणि पहारा कोण करणार?"

"तुम्ही आहात की," वहिनी हसून म्हणाली.

तिने पुदिन्याच्या मधाच्या चौकटी काढून नव्या घातल्या. फळीखालचा ढीग कमी होत गेला. बोटंही वळायला लागली. एका सकाळी तिने झाकण हातांनी उचललं.

तोवर नणंदेची खुर्ची घराच्या दारात आली होती. मधाचा व्यापारी एकदा खोकला, त्याला तिने अंगणातूनच परत पाठवलं. शेजारीण ताटली द्यायला आली.

"हात पुढे कर."

"काय गं हे, मला ओळखत नाहीस?"

"ओळखते. हात पुढे कर."

नणंदेने हात हुंगले, आणि ताटली बाहेरच ठेवून घेतली. शेजारीण पुन्हा आली नाही. कोणीच येईनासं झालं. नणंद जेवायलाही खुर्चीवरच बसू लागली.

उन्हं कलताना वहिनी पेट्यांकडून परतली. तोंडावर जाळी होती, कपड्यांना धूर. पायरीशी येताच खुर्चीतून प्रश्न आला.

"कोण?"

वहिनी हसणार होती. पण त्या आवाजात थट्टा नव्हती. रागही नव्हता. तिने जाळी वर केली. नणंद तिच्याकडे बघत होती, आणि नजर चेहऱ्यावर थांबत नव्हती.

"मी आहे, वन्सं."

"हात."

वहिनीने दोन्ही हात पुढे केले. बोटं आता सरळ होती. नणंद वाकली, एकेक बोट हुंगत गेली. आत ओट्यावर दूध उतू जात होतं. वहिनीने हात तसेच धरून ठेवले आणि तिला आत जाऊ द्यायला खुर्ची कधी सरकते, याकडे कान लावून उंबऱ्याबाहेर उभी राहिली.