नावाखालच्या दोन रेघा

मी एक जुनी नोंदवही आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच सांगते, मी वैतागलेली आहे. गोडगोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसरी वही शोधा.

माझा जन्म एका छोट्या छापखान्यात झाला. लाल पुठ्ठा, कापडी पाठ, सहाशे पाने आणि प्रत्येक पानावर चार रकाने: तारीख, वेळ, पूर्ण नाव, कारण. शिवणाऱ्या माणसाने मला हातावर तोलले आणि ही वही टिकेल म्हणाला. टिकले. त्याचाच कधीकधी पश्चात्ताप होतो.

मला विकत घेतले ते कपडे धुण्याच्या एका मोठ्या कारखान्याने. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, उशा गाड्या भरून इथे येतात आणि धुऊन, घडी होऊन परत जातात. चोरी होऊ नये, गरम रोलरमध्ये कुणाचा हात सापडला तर कळावे, म्हणून मालकांनी कॅमेरे बसवले. कॅमेऱ्यांत काय दिसते ते पाहायला गेटशेजारच्या खोलीत एक पडदा ठेवला. आणि तो पडदा कोण पाहते हे लिहून घ्यायला मला ठेवले. माझ्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत नियम आहे: पडदा पाहणाऱ्याने स्वतःचे पूर्ण नाव लिहावे.

तो नियम लिहिला गेटवरच्या काकांनी. काका लिहायला उशिरा शिकले, तेही स्वतःच्या मुलीकडून, त्यामुळे नाव लिहिताना ते एक काना सोडत नाहीत. रोज सकाळी आठला येऊन ते पूर्ण नाव लिहितात, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे लिहितात: कॅमेरे चालू आहेत का पाहिले. दिवसात चार वेळा पाहिले तर चार वेळा पूर्ण नाव. त्यांचा हात फिरला की मला मी वही असल्याचे समाधान मिळते.

बाकीच्यांचे काय सांगू? पाहायला यायचे, माझ्याच दोरीला बांधलेले पेन उचलायचे, आणि काकांच्या नावाखाली दोन तिरक्या रेघा ओढून मोकळे व्हायचे. वरीलप्रमाणे. लोक याला डिट्टो म्हणतात, मी याला शुद्ध कामचुकारपणा म्हणते. अहो, वरीलप्रमाणे म्हणजे वरचाच माणूस ना? पण एवढा विचार करायला सवड कुणाला? मॅनेजरसाहेब तर खुर्चीला पाठ टेकायच्या आत रेघा ओढायचे. चहाचा कप मात्र बरोबर माझ्या तोंडावर ठेवायचे. माझ्या पुठ्ठ्यावर आज अकरा गोल डाग आहेत, आणि मागच्या बाजूला मारलेले डास आहेत ते वेगळेच.

एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत घड्या घालणारी ताई जेवायला गेली नाही. ती उशांनी भरलेल्या ढकलगाडीसमोर उभी राहिली. हात जोडले, काहीतरी बोलली, मान हलवली, मागे गेली, पुन्हा पहिल्यापासून बोलू लागली. कॅमेऱ्याला आवाज टिपता येत नाही. पडद्यावर दिसत होते ते एवढेच: एक बाई उशांपुढे हातवारे करते आहे. त्या वेळी खोलीत कुणीतरी होते. त्याने पडद्यासमोर मोबाइल धरला, पोट धरून हसला आणि जाताना माझ्यावर दोन रेघा ओढून गेला. वेळ तेवढी इमानदारीने लिहिली: एक वाजून वीस.

दोन दिवसांत तो तुकडा गाणे जोडून सगळीकडे फिरला. ‘उशांची सभा’ असे त्याचे नाव पडले. ताईच्या मुलीला तो शाळेत मधल्या सुट्टीत दाखवला गेला. ताई भिंतीकडे तोंड करून घड्या घालू लागली. आठवडाभराने ती एका वकीलबाईंकडे गेली आणि मालकांना नोटीस आली.

मग कुठे माझी आठवण झाली. मॅनेजरसाहेबांनी मला मालकांपुढे उघडले, त्या ओळीवर बोट ठेवले आणि वर सरकवत नेले. रेघांच्या वर नाव होते काकांचे. साहेबांनी संध्याकाळपर्यंत पत्र टाइप करून आणले: काकांना कामावरून काढावे, आणि ताईने दावा लावला तर तो काकांवरच जावा. काका सांगत राहिले की त्या वेळी मी गेटवर चादरींची गाडी आत घेत होतो. ऐकते कोण? वहीत लिहिलंय ना, म्हणे. मित्रांनो, अकरा वर्षे ज्यांनी मला कपाखाली वापरले, त्यांना अचानक माझा शब्द देवाचा वाटू लागला. मला त्या दिवशी वाळवी लागली असती तर बरे झाले असते.

शेवटी वकीलबाई ताईला घेऊन खोलीत आल्या. मूळ चित्रण पाहायचे म्हणाल्या. मालक, मॅनेजर, काका, सगळे दाटीवाटीने उभे राहिले. वकीलबाईंनी माझे पहिले पान वाचले, पेन उचलले, स्वतःचे पूर्ण नाव लिहिले आणि मला मॅनेजरसाहेबांकडे सरकवले. तुम्हीही पाहणार आहात, नोंद करा, म्हणाल्या. साहेब घाईत होते. त्यांनी वेळ लिहिली आणि वकीलबाईंच्या नावाखाली झटकन दोन तिरक्या रेघा ओढल्या.

वकीलबाई त्या रेघांकडे बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, “म्हणजे आत्ता इथे मी दोनदा आले का?”

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सवय आहे हो, सगळेच असं करतात, असे ते पुटपुटले. वकीलबाईंनी माझी पाने मागे उलटली. प्रत्येक पानावर काकांचे नाव पूर्ण, एकाखाली एक आले तरी पूर्ण. या माणसाने अकरा वर्षांत एकदाही रेघ ओढलेली नाही, असे त्या मालकांना म्हणाल्या, आणि मंगळवारचे पान साहेबांपुढे धरले. तिथे रेघांशेजारी लिहिलेली वेळ आणि साहेबांनी आत्ता लिहिलेली वेळ, दोन्हींचे अक्षर एकच होते.

“मी फक्त सासुरवाडीच्या ग्रुपवर टाकला होता,” साहेब म्हणाले. “गंमत म्हणून. पुढे कोणी पाठवला मला काय माहीत.”

“कॅमेरा चोरी आणि अपघातासाठी लावलाय, गमतीसाठी नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “खोलीबाहेर पहिल्यांदा तुम्ही नेलात, जबाबदारी तिथेच लागली. पुढे पाठवणारे त्यांच्यापुरते उत्तर देतील. आणि मालक, नियम लिहून तो पाळून घेतला नाहीत, तेव्हा तुम्हीही यातून सुटत नाही.”

मालकांनी काकांना काढण्याचे ते पत्र घडी करून फाडले. काका माझ्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिले. साहेबांचे नाव दाव्यात गेले आणि शेजारी मालकांचेही. ते कोर्टात काय व्हायचे ते होईल.

पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. ताईने पेन मागितले. म्हणाली, यात मी आहे, मलाही बघायचंय. तिने तिचे पूर्ण नाव लिहिले. ज्याचे चित्रण, त्यानेच माझ्यावर नाव लिहिण्याची ती पहिली वेळ. तिने सगळे पाहिले, एकदाही मान न वळवता. काकांनी हळूच विचारले, “ताई, त्या उशांना काय सांगत होतीस गं?”

ताई मालकांकडे वळली. हात जोडले नाहीत.

“साहेब, मला सकाळची पाळी पाहिजे. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, संध्याकाळी त्यांना एकटं ठेवता येत नाही. तुमच्यासमोर बोलायची भीती वाटायची, म्हणून सराव करत होते.”

खोलीत कुणीच हसले नाही. ताई आता सकाळी येते.

मित्रांनो, माझी विनवणी एवढीच आहे. दुसऱ्याचे काही पाहिलेत, तर त्याखाली स्वतःचे नाव लिहा, अख्खे. आणि लिहायची लाज वाटत असेल तर पाहू नका. हो, आणि तो कप उचला आधी.