घाम आलेली भिंत

मी एक भिंत बोलतेय. हसू नका. आज मी ओंजळीत मावेल एवढा गिलाव्याचा तुकडा आहे आणि गोव्यातल्या साखळी गावच्या एका घरात, पत्र्याच्या ट्रंकेत पडून आहे. पण म्हातारपणी माणूस कितीही वाकला तरी आपलं नाव बदलत नाही. मीही स्वतःला भिंतच म्हणते.

भिंतीला कान असतात असं तुम्ही म्हणता. असतात, खरंच. तोंड मात्र मला कुणी दिलं नाही. ते असतं तर एका बापलेकीची पंचवीस वर्षं वाया गेली नसती.

पेडण्यात, तेरेखोल नदीकाठच्या एका गावात, सातेरी देवीच्या देवळात माझा जन्म झाला. अडीचशे वर्षं तरी झाली असतील. शिंपल्यांचा चुना गुळाच्या पाण्यात कुजवून माझा गिलावा केला. त्यावर तांबड्या कावेचा हात दिला आणि तो ओला असतानाच कारागिरांनी नको तिथली काव लोखंडी अणीने खरवडून चित्रं उठवली. मग नदीतल्या गोट्यांनी मला दिवस दिवस घासलं. तेव्हा मी आरशासारखी चकाकत होते, हे आता सांगून कुणाला खरं वाटायचं नाही.

माझ्यावर बारा चौकटी होत्या, वर्षाचे बारा महिने. ज्येष्ठात नांगर होता, आषाढात पावसाची खोळ पांघरून लावणीला वाकलेली बाई. भाद्रपदात गणपतीच्या डोक्यावर टांगलेली, रानफळांनी लगडलेली माटोळी. फाल्गुनात शिगम्याचे ढोल. आणि पौषात धालो, एकमेकींच्या कमरेत हात घालून खेळणाऱ्या बायकांच्या दोन रांगा.

हे सगळं बघायला गावाला वेळ नव्हता. लोक देवीला नमस्कार करत आणि माझ्याकडे पाठ करून मला टेकून बसत. त्यांच्या डोक्यांच्या खोबरेल तेलाने माझा अर्धा वैशाख काळा पडला. दिव्यांच्या काजळीने बाकीचं काम केलं. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. टेकायला भिंत लागते, म्हणून तर मला बांधली.

बघायची ती एकटी आनंदी. देवस्थान समितीतल्या रघुनाथची मुलगी. बाबा बैठकीत बोलत असायचा आणि ही माझ्यासमोर बसून धालोतल्या बायका मोजायची. रोज एक चुकायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. गोवा राज्य झालं त्या वर्षी ती बारावी झाली. त्याआधी कोकणी की मराठी यावरून देवळाच्या पायरीवर सख्ख्या भावांनी बोलणं टाकलं होतं. भांडत मात्र सगळे पेडण्याच्या एकाच बोलीत होते.

आनंदी बडोद्याला गेली, विद्यापीठात कलेचा इतिहास शिकायला. सुट्टीत आली की माझ्यापुढे बसून बाबाला सगळं सांगायची. मध्ययुगात बारा महिन्यांची चित्रं काढत, म्हणाली. त्यात दर महिन्याला एक बाई नवऱ्याला विनवते की या ऋतूत तरी मला सोडून जाऊ नको. "मी सरांका सांगितलंय, आमच्या देवळातय बारा म्हयने आसत. पण आमच्याकडे कोण रडणा नाय, सगळी कामां करतत."

रघुनाथ हसला. "मगे सर काय म्हणाले?"

"फोटो काढून आण, म्हणाले. ह्योच विषय घे."

फोटो काढणं मात्र सोपं नव्हतं. समितीतल्या निम्म्या लोकांना मी नको होते. शेजारच्या गावच्या देवळात गुळगुळीत लाद्या बसल्या होत्या, तशा यांनाही हव्या होत्या. रघुनाथ दोन वर्षं माझ्या बाजूने एकटा भांडत होता. भिंत पाडायची का, म्हणून दोनदा देवीला कौल लावला. मूर्तीवर फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दोन्ही वेळा एकही पाकळी हलली नाही. म्हणून मी उभी होते.

शेवटी फोटोची परवानगी मिळाली ती एका अटीवर. समितीतला वयाने मोठा बाबली म्हणाला, "भिंतीक बोट लावूचा नाय. अगोदरच देवीच्या मनात काय आसा ता कळणा नाय."

रघुनाथने लेकीच्या वतीने देवीसमोर हात जोडले. "माझा चेडू बोट लावूचा नाय. ह्यो माझो शब्द."

पहिले फोटो पुसट आले. सरांचं पत्र आलं, की रेषा दिसत नाहीत, यावर प्रबंध कसा होणार? पौषात आनंदी विद्यापीठाचा कॅमेरा घेऊन पुन्हा आली. एका सकाळी देवळाच्या विहिरीवर हात धुऊन आली आणि झटकलेले चार थेंब माझ्यावर पडले. काव पाण्याने जागी होते. त्या चार थेंबांखाली चार ठिकाणी तांबडं उमललं. ती बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने ओलं फडकं आणलं.

मला काय वाटलं, खरं सांगू? शंभर वर्षांनी कुणीतरी माझं तोंड धुतलं. ती एक एक महिना हलक्या हाताने पुसायची, रेषा उठल्या की फोटो काढायची. आठ दिवस रोज सकाळी असं चाललं. मी चुन्याची, मी पाणी पोटभर प्याले. आपल्याला हे बाधेल, असं ना तिच्या मनात आलं ना माझ्या.

नवव्या सकाळी जत्रेची तयारी बघायला बाबली माणसं घेऊन लवकर आला. पौषाचे कोरडे दिवस, आणि मी वरपासून खालपर्यंत ओली.

"भिंतीक घाम इलो रे!" बाबली ओरडला. "देवीक ही भिंत सोसणा नाय!"

माणसांनी चपापून हात जोडले. आनंदी खांबाजवळ उभी होती. फडकं तिने पाठीमागे धरलं होतं आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. तेवढ्यात मागच्या दाराने रघुनाथ आत आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या टाचेशी साचलेल्या पाण्याकडे.

एक शब्द पुरला असता. ती बोलली असती तर बाबाचा शब्द देवीसमोर खोटा पडला असता. तो बोलला असता तर गावाने मुलीला नावं ठेवली असती. तिने तोंड उघडलं होतं, मी पाहिलं.

"बाय, तू घराक जा," रघुनाथ म्हणाला. ती गेली.

दुपारी तिसऱ्यांदा कौल लावला. उजवी पाकळी लगेच पडली.

जत्रा झाल्यावर मला पाडायला बेळगावकडचा परशुराम गवंडी आला. आनंदी त्याच्यामागे येऊन उभी राहिली. "हा पौष तेवढा अख्खा काढता येईल?"

"चुन्याचं काम हाय ताई, छिन्नी लागली की भुगा हुतोय," तो म्हणाला. "बघतो."

तो त्या दिवशी जेवायलाही उठला नाही. त्याच्या हाती लागले ती एवढीच मी: वाकलेली एक बाई आणि तिच्या कमरेवर एक हात. हात ज्या बाईचा होता ती गेली. आनंदीने मला त्याच फडक्यात गुंडाळलं.

तिच्या प्रबंधाला पहिला वर्ग मिळाला. शेवटचं वाक्य तिने लिहिताना मोठ्याने वाचलं होतं: 'ही भिंत १९९३ साली पाडण्यात आली.' का, ते लिहिलं नाही. पुढे ती साखळीला शिकवू लागली. मी तिच्या टेबलावर असायचे. रघुनाथ यायचा तेव्हा टेबलाकडे पाठ करून बसायचा. बापलेक मासळीवर बोलायची, बसच्या वेळांवर बोलायची. माझं नाव कुणी काढलं नाही.

आजारी पडल्यावर तो तिच्याकडेच राहायला आला. एका दुपारी म्हणाला, "तो तुकडो दी बगू."

तिने मला त्याच्या हातावर ठेवलं. त्याने बोट माझ्यावरून फिरवलं. "आता बोट लावल्यार चलता मगो?"

तिने त्याच्या पाठीमागची उशी सारखी केली.

"फडक्यातला पाणी गळत होता, बाय. मी बगितलंय."

"मगे तेव्हाच बोललास नाय कित्याक, बाबा?"

"तू सांगशीत म्हणान वाट बघीत रवलंय."

आठ दिवसांनी तो गेला. बाराव्यानंतर आनंदीने मला फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवलं. ती जवळून जाते तेव्हा पावलं ओळखू येतात. ट्रंकेपाशी ती कधी थांबत नाही.

आनंदी, माझा तुझ्यावर राग नाही. अडीचशे वर्षांत मला डोळे भरून पाहिलंस ती तूच. पण तुझं शेवटचं वाक्य अपुरं आहे. एकदा सातेरीच्या देवळात जा. बाबली नाही, बाबा नाही, देवी आहे. तिला सांग, तो घाम नव्हता, विहिरीचं पाणी होतं.

आणि परत आलीस की मला बाहेर काढ. माझी काव पार झोपली आहे गं. कमरेवरचा हात आता मलाही जाणवत नाही. बोट ओलं कर आणि लाव, बाय. आता चालतं.