मातीतली दुसरी बाटली

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोस्कोप आहे. काळा, लोखंडी, एकाच डोळ्याचा. अंबाल्याच्या कारखान्यात घडलो आणि घाटकोपरच्या एका छोट्या लॅबमध्ये आयुष्य काढलं. माझ्याकडे माणूस अख्खा येत नाही. येतो तो कातरून, जांभळा-गुलाबी रंगवून, काचेवर चिकटवून.

द्रौपदीताई काचा बनवायची, डॉक्टर क्षमा माझ्यातून बघायच्या. रोज सकाळी द्रौपदीताई मऊ फडक्याने माझं भिंग पुसायची आणि म्हणायची, "काय रे म्हाताऱ्या, आज कोणाची वाट लावणार?" मला राग यायचा. वाट मी लावतो होय? मी नुसता बघतो!

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. लवूभाऊ नावाचा मालवणकडचा माणूस आला. गिरणीतली नोकरी सुटल्यावर साकीनाक्याच्या वर्कशॉपात लागलेला. त्याच्या बायकोच्या, रुक्मिणीच्या, छातीतली गाठ ऑपरेशन करून काढली होती. तेव्हा काढलेला भाग नातेवाइकांनीच लॅबला पोचवायचा. चिठ्ठीवर लिहिलं होतं, बाटल्या दोन. पिशवीत एकच.

"दुसरी कुठंय, भाऊ?" द्रौपदीताईने विचारलं.

"एकच दिल्यानी," लवूभाऊ म्हणाला आणि खाली बघायला लागला.

गाठ बोराएवढी. सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही. पण काच माझ्याखाली सरकली आणि मी दचकलो. पेशी लहानमोठ्या, वेड्यावाकड्या, एकीच्या दोन होता होता बाटलीतल्या टिकवणाऱ्या औषधात गोठलेल्या. आणि अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या एका बारीक नळीत त्यांचा घोळका दाटीवाटीने बसला होता. या नळ्यांची वाट काखेतल्या गाठींकडे जाते. घोळका हलत नव्हता. तरी मला वाटलं, मी बघतोय हे त्याला कळलंय.

डॉक्टर क्षमांनी तीच काच पुन्हा पुन्हा सरकवून बघितली. मग म्हणाल्या, "द्रौपदी, गाठ लहान आहे, पण लक्षणं वाईट आहेत गं. अशी असली की ती काखेत पोचल्याची भीती जास्त. काखेतल्या गाठी बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. पोचली असेल आणि पुढचं औषध दिलं नाही, तर बाई हातची जाईल. त्या दुसऱ्या बाटलीत आहेत, ती शोध."

लवूभाऊला बोलावलं. सोबत रुक्मिणीही आली. डॉक्टर बाटलीचं विचारणार, तोच ती म्हणाली, "डाक्टरीणबाई, माझी काख गार लागता. मातयेत घातल्यासारखी."

लवूभाऊ पांढराफटक पडला.

"पुरलंय मी ती," तो रडायलाच लागला. "ह्या बाटलेत रोग होतो, तो दिलंय तुमका. त्या बाटलेत नुसती चरबी, हिच्या अंगाची. बाळाची वार पुरतत ना, तशी पुरलंय. परक्याच्या कचऱ्यात कशी टाकू?"

डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशनात शीर कापली की काख गार लागते. असेल. पण पुरल्याचं रुक्मिणीला अक्षरही ठाऊक नव्हतं, शपथ. मी लोखंडाचा, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. त्या दिवशी मात्र माझा स्क्रू जाम झाला.

चाळीमागच्या जास्वंदीखालून बाटली उकरून आली. घट्ट झाकणावर हळदकुंकू, बाहेर चिखल, आत औषध जसंच्या तसं. द्रौपदीताईने चरबी बोटांनी चाचपत वाटाण्यासारख्या बारा गाठी काढल्या. त्यांच्या काचा बनवल्या. तिसरी माझ्याखाली आली आणि मित्रांनो, मी त्यांना ओळखलं. त्याच वेड्यावाकड्या पेशी. आठवडाभर मातीखाली माझी वाट बघत बसलेल्या.

"बारापैकी चार गाठींत पोचलीय," डॉक्टर क्षमा हळूच म्हणाल्या.

रुक्मिणीला औषधं सुरू झाली. केस गेले, उलट्यांनी जीव नकोसा झाला. पण तीन वर्षांनी ती आपल्या पायांनी आमचा जिना चढून आली. "ती गाठ दाखव गं माका," ती द्रौपदीताईला म्हणाली. तिची पापणी माझ्या भिंगाला लागली. "इतकीशीच?" ती पुटपुटली आणि मागे सरली.

पुढे दोन डोळ्यांचा नवा आला आणि मला कपाटात टाकलं. भिंगावर बुरशी धरलीय, पुसायला कोणी नाही. वाईट वाटतं हो! शेजारच्या खोक्यात रुक्मिणीची काच आहे. तो घोळका अजून तिथेच, नळीत दाटीवाटीने. दार बंद झालं की वाटतं, आता तो माझ्याकडे बघतोय.

काचेवरचा घोळका थांबलाय. अंगातला कुणासाठी थांबत नाही. म्हणून सांगतो, आई म्हणाली, "बोराएवढी तर आहे, जाईल," तर ऐकू नका. तिचा हात धरून डॉक्टरकडे न्या. आणि बाटल्या दोन दिल्या, तर दोन्ही पोचवा. पुरायचं ते मागाहून पुरा, आधी बघू द्या.